घरच्यांना नाही कळणार, म्हणे!

‘घरच्यांना यातलं काही कळत नाही.’ माझ्या वयाच्या पोरापोरींच्या तोंडून हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. माझ्या टीममधला एक मुलगा फाउंटन पेनची निब स्वतः घासून सरळ करतो. एक मैत्रीण फॉर्म्युला वनची शर्यत असली की जेवायचं विसरते. कोणत्या गाडीने टायर कधी बदलले आणि का, हे ती अनोळखी लोकांना रात्री दीडपर्यंत टाइप करून समजावते. पण तिची आई मागून येऊन विचारते, ‘काय बघतेस गं एवढं?’ तर उत्तर काय? ‘काही नाही, असंच.’

अनोळखी माणसासाठी दोन तास आणि आईसाठी दोन शब्द. याला आपण ‘जनरेशन गॅप’ असं भारदस्त नाव दिलंय. माझ्या मते हा निव्वळ आळस आहे, आणि त्यात थोडा माजही आहे. ज्यांना ऑफसाइड, अंडरकट, निब, ग्राइंड हे शब्द आधीच माहीत आहेत, त्यांच्याशी बोलणं सोपं असतं. ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यासाठी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ते कष्ट आपल्याला नको असतात, म्हणून ‘त्यांना कळत नाही’ हा निकाल आपण आधीच लावून टाकतो.

माझा छंद पक्षी बघण्याचा. माझ्याकडे एक आठ बाय बेचाळीसची दुर्बीण आहे, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, समोरची भिंगं ४२ मिलिमीटरची. फोनमध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ अ‍ॅप आहे. ते आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं. खरं तर ते आवाज ‘ऐकत’ नाही, ‘बघतं’. आवाजाचं चित्र काढतं, आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला आवाजाची पट्टी, आणि ते चित्र ओळखीच्या चित्रांशी ताडून बघतं. कोड लिहून पोट भरणाऱ्या मुलीला याचं वेड लागलं नाही तरच नवल.

मेच्या शेवटी गावी गेले होते. पप्पा ओट्यावर बसले होते आणि समोरच्या आंब्यावरून एक पक्षी चढत्या पट्टीत ओरडत होता. फोनवर इंग्रजी नाव उमटलं, ‘कॉमन हॉक-कक्कू’. मी म्हटलं, ‘पप्पा, हे बघा.’ चष्मा शोधण्यात पाच मिनिटं गेली. मग पडद्यावर नजर टाकून ते म्हणाले, ‘एवढ्यासाठी फोन कशाला? पावशा आहे की तो. पेरते व्हा, पेरते व्हा म्हणतोय.’

पप्पा शेतकऱ्याचा मुलगा, पण त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या हिशेबखात्यात गेली. त्यांना पक्ष्यांबद्दल कुणी काही विचारेल असं त्यांनाही वाटलं नसावं. हाच आवाज हिंदीत ‘पी कहाँ’ होतो, आणि इंग्रजांना त्यात ‘ब्रेन फीवर’ ऐकू आलं, हे मी सांगितल्यावर ते खूप हसले. पावशा स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, हे त्यांना माहीत नव्हतं. ते मी सांगितलं. फोनवर आमचं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘पाऊस आहे का’ यांपलीकडे जात नाही. त्या दिवशी आम्ही तासभर बोललो.

मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत जंगलातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावं गोळा केली आणि ‘पक्षिकोश’ लिहिला. ती नावं विद्यापीठातून आली नव्हती, ती माणसांच्या तोंडी होती. कुणीतरी विचारायला हवं होतं, एवढंच.

आता दुसऱ्या बाजूचं मापही पदरात घालते. आपल्याकडे मोठ्यांचा एक लाडका प्रश्न असतो, ‘याचा उपयोग काय?’ लग्नाच्या बायोडेटात ‘छंद’ असा रकाना असतो आणि त्यात वाचन, प्रवास, संगीत हे तीनच शब्द शोभतात. बघायला आलेल्या एका काकूंनी मला विचारलं होतं, ‘पक्षी बघून पुढे काय करतेस?’ पुढे काही करत नाही, काकू. घरी येऊन चहा पिते. मुलं ‘असंच’ म्हणायला शिकतात ती या प्रश्नामुळेच. चारदा ‘उपयोग काय’ ऐकलेलं पोर पाचव्यांदा सांगायला येत नाही. तेव्हा पोरं फोनमध्ये डोकं घालून बसतात अशी तक्रार करणाऱ्यांनी, फोनमध्ये नेमकं काय आहे हे शेवटचं कधी विचारलं होतं, तेही आठवावं.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे. छंद हा काहींचा हक्काचा एकांत असतो, तिथे कुणी यायला नको असतं. जरूर. पहाटे तळ्यावर मीही एकटीच जाते. घरातल्यांना साडेपाचला उठवून, जबरदस्तीने चिखलात उभं करणं याला मी वाटून घेणं म्हणत नाही. समोरच्याला तीच आवड लागायला हवी हा हट्टच चुकीचा आहे. डेटिंग अ‍ॅपवर ‘कॉमन इंटरेस्ट’ जुळवत बसणारे नेमकं इथेच फसतात. दोघांनाही ट्रेकिंग आवडतं म्हणजे दोघं एकमेकांचं ऐकतील असं थोडंच आहे?

माझ्या आईला पक्ष्यांत आजही काडीचा रस नाही. तांबट दाखवला, कपाळावरचा लाल टिळा दाखवला, तरी ‘पोपटच आहे तो’ म्हणते. पण ती ऐकून घेते, आणि मग तिची रांगोळीची वही काढते. अकरा ते सहा ठिपके, म्हणजे मधल्या ओळीत अकरा आणि दोन्ही बाजूंना एकेक कमी होत सहापर्यंत. मी मोजले, एक्क्याण्णव ठिपके होतात, नेमका षटकोन. आई म्हणाली, ‘मोजायचे कशाला? चुकलं की डोळ्यांना कळतं.’ मला रांगोळी येत नाही आणि शिकणारही नाही. पण तिची नजर कशी चालते ते त्या दिवशी मला कळलं.

आणि कृपा करून फॅमिली ग्रुपवर लिंक टाकून ‘शेअर केलं’ म्हणू नका. लिंक टाकायला अर्धा सेकंद लागतो आणि समोरून अंगठा यायला तेवढाच. त्यात कुणी कुणाला काही दिलेलं नसतं. वाटून घ्यायचं तर शेजारी बसावं लागतं, समोरच्याचा चष्मा सापडेपर्यंत थांबावं लागतं, त्याचे बावळट प्रश्न ऐकावे लागतात. आणि मग त्याच्या वहीसमोर आपणही बावळट प्रश्न विचारत बसावं लागतं.

आईवडिलांना आपला पगार ठाऊक असतो, कंपनीचं नाव पाठ असतं, नोटीस पीरियडसुद्धा माहीत असतो. पण आपण कशाने हरखून जातो हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येणार नाही. आपल्यालाही त्यांच्याबद्दल सांगता येणार नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी मागून येऊन ‘काय बघतेस’ म्हणालं, तर ‘असंच’ म्हणू नका. सरकून जागा करा आणि पहिल्यापासून सांगा.