'रॉजर' या एका शब्दाची किंमत

२४ जानेवारी १९६६. लालबहादूर शास्त्रींच्या ताश्कंद येथील निधनाला दोन आठवडेही उलटले नव्हते. त्या सकाळी एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना आल्प्समधील माँ ब्लाँ या पर्वताच्या माथ्याजवळ आदळले. विमानातील ११७ जणांपैकी एकही वाचला नाही. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा त्यांत होते.

या अपघाताचा विषय निघाला की घातपाताची चर्चा आजही सुरू होते. भारताचे सामर्थ्य कोणाच्या तरी डोळ्यांत सलत होते, हे मनाला सहज पटते. संशय घेणे गैर नाही. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. फ्रेंच चौकशी आयोगाचा निष्कर्ष निराळा आहे आणि तो अधिक अस्वस्थ करणारा आहे.

विमानातील एक दिशादर्शक यंत्र बंद होते. ढगांच्या हजार फूट वर राहून, बाहेरचे स्वच्छ दिसत असेल तर खाली या, अशी सशर्त अनुमती जिनिव्हाच्या नियंत्रकाने दिली. आपण माँ ब्लाँच्या बाजूने पुढे सरकत आहोत, असे वैमानिकाने कळवले. रडारवर ही चूक नियंत्रकाच्या ध्यानात आली. माँ ब्लाँला अजून पाच मैल आहेत, असे त्याने सांगितले. उत्तर आले, 'रॉजर'. या शब्दाचा अर्थ 'निरोप मिळाला' एवढाच. 'समजले' असा नव्हे. नियंत्रकास वाटले, चूक सुधारली. वैमानिकास वाटले, पर्वत ओलांडला. 'पर्वत समोर आहे, उतरू नका' हे पाच शब्द कोणीच उच्चारले नाहीत. नेमक्या शब्दरचनेच्या अभावी सूचनेचा विपर्यास झाला, असे आयोगाने नमूद केले.

हा अपघात अपवाद मानावा, तर १ डिसेंबर १९७४ ची अमेरिकेतील घटना पाहावी. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ५१४ क्रमांकाचे विमान वॉशिंग्टनजवळील डलेस विमानतळाकडे येत होते. विमानतळ सुमारे ४४ मैल दूर असतानाच बारा क्रमांकाच्या धावपट्टीकडे येण्याची अनुमती मिळाली. मात्र किती उंची राखायची, ते सांगितले गेले नाही. नियंत्रकाचे गृहीतक असे की डोंगराची काळजी वैमानिक घेईल. वैमानिकाचे गृहीतक असे की अनुमती मिळाली त्या अर्थी मार्ग निर्धोक आहे. त्यांच्या नकाशावर ३४०० फुटांचा आकडा होता, त्यावर कक्षात चर्चाही झाली. परंतु नियंत्रकाला प्रश्न विचारला गेला नाही. विमान १८०० फुटांकडे उतरले आणि डोंगरावर आदळून ९२ जण मृत्युमुखी पडले. दोष कोणाचा, यावर चौकशी मंडळाच्या पाच सदस्यांचेही एकमत झाले नाही. दोघांनी भिन्नमत नोंदवले.

याहून विदारक गोष्ट अशी की, काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच डोंगरापासून थोडक्यात बचावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. बाकीच्यांपर्यंत तो इशारा पोहोचलाच नाही.

अमेरिकेने यातून बोध घेतला. अनुमती देताना राखावयाची उंची स्पष्ट सांगण्याचा नियम झाला, जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे झाले आणि १९७६ पासून वैमानिकांना व नियंत्रकांना स्वतःच्या चुका निर्भयपणे कळवता याव्यात, यासाठी नासाकडे स्वतंत्र व्यवस्था सोपवण्यात आली. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जीव गेले, तेव्हाही भाषा आणि आकलन यांचा प्रश्न ऐरणीवर आला होता. शब्दांची किंमत आपण रक्ताने मोजली आहे.

घातपाताच्या कथेत खलनायक परका असतो, म्हणून आपल्याला बदलावे लागत नाही. संदिग्ध शब्दाच्या कथेत मात्र आरसा आपल्याकडे वळतो. कोणत्याही संघटनेत, कार्यालयात वा कुटुंबात हेच घडते. ज्येष्ठ अर्धवट सांगतात, कनिष्ठ 'हो' म्हणतात आणि पुन्हा विचारणे म्हणजे अनादर, असा समज दोघेही जपतात. याला शिस्त म्हणता येणार नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्णाच्या बोलण्यातून दोन अर्थ निघतात, असे सांगून अर्जुन एका निश्चित मार्गाची मागणी करतो. ते औद्धत्य नव्हते. आज्ञापालनाची ती पहिली पायरी होती.

देशात विमानतळ वाढत आहेत, ही अभिमानाची बाब आहे. त्याबरोबरच नियंत्रकाने अनुमती संदिग्ध ठेवू नये, वैमानिकाने ती पूर्ण उच्चारून खात्री करून घ्यावी आणि झालेली चूक कळवणाऱ्यास शिक्षेचे भय नसावे, याविषयी शासनाने आग्रही राहिले पाहिजे. डॉ. भाभांचे स्मरण आपण दरवर्षी करतो. त्यांच्या मृत्यूचे खरे कारण समजून घेणे, हीदेखील त्यांना वाहिलेली श्रद्धांजलीच ठरेल.