लोह जास्त, बाकी सारे कमी



उसाला केवडा पडला की आपण हिराकस आणतो आणि फवारतो. पुष्कळदा पान हिरवे होतेही. पण जाणता बागाईतदार आधी रान बघतो. चुनखडीच्या रानात लोह असते, ते मुळाला उचलता येत नाही, म्हणून पान पांढुरके पडते. रान पाणथळ असेल तर पिवळेपणाचे कारणच निराळे, तिथे हिराकसाचे पैसे पाण्यात. उसाच्या बाबतीत आपण एवढा विचार करतो. घरातले पोर पांढरे पडले की मात्र कसलीही तपासणी न करता लोहाच्या टॉनिकची बाटली आणतो, वर गूळ-शेंगदाणे सुरू करतो. बहुतेक पोरांना त्याचा गुण येतो हेही खरे. पण ज्या पोराला थॅलेसेमिया आहे त्याच्या बाबतीत हाच उपाय अपाय ठरतो.

थॅलेसेमिया हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. १९२५ साली अमेरिकेत डॉ. थॉमस कूली यांनी त्याचे वर्णन केले. तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन नीट बनत नाही आणि पेशी लवकर मोडतात. मोठ्या स्वरूपाचा आजार असेल तर पहिल्या दोन वर्षांतच मूल निस्तेज होते आणि पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त भरावे लागते. हा सिंधी, लोहाणा, पंजाबी मंडळींचा रोग, आपल्यात नाही, असे पुष्कळजण म्हणतात. त्यांच्यात प्रमाण जास्त आहे, पण मराठी घरे काही सुटलेली नाहीत. आपल्या देशात सरासरी शंभरात ३ ते ४ माणसे या दोषाची वाहक आहेत.

आपल्या कित्येक सभासदांच्या सोयरिकी आंबा घाटाखाली साखरपा, देवरूख, लांजा, राजापूरकडे झालेल्या आहेत. तिकडे वाड्या डोंगरात विखुरलेल्या. रक्त भरायचे तर रत्नागिरी गाठायची, नाहीतर घाट चढून कोल्हापूर. अख्खा दिवस त्यातच जातो. रक्त मिळाले हेच नशीब, अशी घरच्यांची भावना होते आणि पोराने खायचे काय हे विचारायचे राहून जाते. आम्हांला आज लिहायचे आहे ते यावरच.

रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जाते. शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह बाहेर टाकते, त्याहून जास्त टाकायची सोयच नाही. उरलेले लोह यकृत, हृदय आणि ग्रंथींत साठते. त्यातून मधुमेह होतो, वाढ खुंटते, हृदय दमते. म्हणून लोह काढणारे औषध रोज घ्यावे लागते. अशा पोराला वरून लोहाचे टॉनिक म्हणजे भरल्या पाटात आणखी पाणी सोडणे.

आता दुसरी बाजू, जिच्याकडे फारसे कोणी बघत नाही. लोह वाईट एवढेच ऐकून काही घरांत पोराची पालेभाजी बंद होते, अंडे बंद, मासे बंद. हे आम्हांला मुळीच पटत नाही. हिशेब करून बघा. रेशनवर जो लोहयुक्त तांदूळ आला, त्यात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह ठरवलेले होते. म्हणजे एका पिशवीएवढे लोह व्हायला निदान पाच-सहा किलो तांदूळ लागेल, आणि त्यातलेही थोडेच अंगी लागते. नियमित रक्त घेणाऱ्या पोराला खरा भार पिशवीचा, ताटाचा नव्हे. त्याच्या पोटाला चिमटा घेऊन लोह काही घटत नाही, पोर तेवढे खंगते. ज्यांना रक्त क्वचितच लागते अशा मधल्या स्वरूपाच्या रुग्णांचे आतडे मात्र लोह जास्त ओढते. त्यांनी जपावे, आणि जेवणाबरोबर कोरा चहा घ्यावा, त्याने लोह कमी शोषले जाते. (एरवी आम्ही जेवणाबरोबर चहा पिणाऱ्याला नावे ठेवतो, इथे तोच कामाचा.)

या पोरांत उणीव असते ती दुसऱ्याच गोष्टींची. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडते, हाडे ठिसूळ होतात. जस्त, म्हणजे आपले झिंक, कमी पडते, कारण लोह काढणारी औषधे थोडे जस्तही बरोबर ओढून नेतात. त्याने उंची आणि वयात येणे लांबते. रक्त कमी भरले जात असेल तर फॉलिक अ‍ॅसिडही अपुरे पडते. उसाला सूक्ष्म अन्नद्रव्ये आपण माती परीक्षणावरून देतो. इथेही रक्त तपासून, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेतच या गोळ्या द्याव्यात. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत तर फारच जपावे. ते कमी असते, पण आपल्या मनाने गोळ्या दिल्या तर साठलेले लोह सुटून हृदयाला इजा होऊ शकते. ताकदीचे कोणतेही औषध घेताना बाटलीवर 'फेरस' किंवा 'आयर्न' लिहिले आहे का ते आधी वाचावे. शाळेत लोहाच्या गोळ्या वाटतात, तेव्हा गुरुजींना आजाराची कल्पना देऊन ठेवावी.

घरचे खाणे साधेच. नाचणीची भाकरी किंवा आंबील, दूध, दही, डाळी, अंडी, मासे, आणि सकाळचे ऊन. कलेजी टाळावी. कालवे, तिसऱ्या कच्च्या-अर्धकच्च्या कधीच देऊ नयेत. लोह साठलेल्या अंगात त्यातले जंतू फार जोर धरतात.

आणखी एक. वाहक माणूस रोगी नसतो, पण त्याचे रक्त थोडे कमी दिसते, म्हणून वर्षानुवर्षे त्याला लोहाच्या गोळ्या चालू राहतात. वाहकालाही खरोखरच लोह कमी असू शकते, तेव्हा फेरिटिन तपासून ठरवावे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता मोठ्या आजाराची. पत्रिका जुळवायला आपण चार गावे हिंडतो. सीबीसी आणि हिमोग्लोबिन ए-टू ही तपासणी लग्नाआधी करायला मात्र लाज वाटते.

आरोग्य शिबिरात लोहाच्या बाटल्या वाटून फोटो काढण्याची पद्धत आता बंद व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच पैशात सभासदांच्या लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांची ही तपासणी संचालक मंडळाने करून द्यावी. ज्या सभासदांना हे पटते त्यांनी वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी तशी लेखी सूचना कारखाना कार्यालयात द्यावी, म्हणजे विषय पत्रिकेवर घेता येईल.