निर्माता म्हणजे केवळ पैसेवाला नव्हे

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत निर्मात्याचे नाव ठळक अक्षरांत झळकते; परंतु त्याने नेमके काय केले असे विचारले, तर बहुतेक प्रेक्षक ‘पैसे घातले’ एवढेच उत्तर देतील. हा गैरसमज केवळ प्रेक्षकांचा असता तर त्याची फारशी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु जमीन विकून वा घर गहाण टाकून चित्रपट काढावयास निघणारा होतकरू माणूसही याच समजुतीने या व्यवसायात उतरतो. पैसा हाती आहे, म्हणजे आपण निर्माता झालो, असे त्याला वाटते. तो पैसा संपतो तेव्हा त्याच्या ध्यानी येते की, निर्मात्याचे काम आपण कधी शिकलोच नव्हतो.

या बाबतीत कायद्याची दृष्टी अधिक स्वच्छ आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्यालाच मान्यता दिली आहे. आणि निर्माता कोण, तर कृती घडविण्यासाठी जो पुढाकार घेतो व जबाबदारी पत्करतो तो. या व्याख्येत पैशाचा उल्लेखही नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा तेथील निर्माता हा पगारदार नोकर होता. त्याच्या खिशातील एक पैसाही कार्यक्रमात नव्हता. मात्र कल्पनेपासून प्रक्षेपणापर्यंतचा भार त्याच्यावरच होता. १९८४ मध्ये ‘हम लोग’पासून प्रायोजित मालिकांचे युग आले, बाहेरचे निर्माते दूरचित्रवाणीत शिरले, आणि मग येथेही निर्माता आणि भांडवलदार हे शब्द एकमेकांत मिसळून गेले.

या भूमिकेचा पहिला धडा महाराष्ट्रातच गिरवला गेला आहे. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन परतल्यावर दादासाहेब फाळके यांनी भांडवलासाठी केवळ शब्दांची रदबदली केली नाही. अंकुरणाऱ्या रोपट्याची वाढ त्यांनी दिवसामागून दिवस चित्रित केली आणि ती चित्रफीत दाखवून भांडवल देणाऱ्याचा विश्वास संपादन केला. पैसे मागण्यापूर्वी त्या पैशातून काय उभे राहील हे दाखविणे, हे निर्मात्याचे पहिले कर्तव्य होय. सरस्वतीबाईंनी तर फिल्मला छिद्रे पाडण्यापासून साऱ्या मंडळींच्या जेवणखाणापर्यंतची व्यवस्था सांभाळली. आज ज्याला निर्मिती-व्यवस्थापन म्हणतात ते याहून निराळे काय आहे? ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, तो या दुहेरी कष्टांमुळे. परंतु याच फाळक्यांचे पुढे हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी बिनसले आणि उतारवयात त्यांना आर्थिक विवंचना भोगावी लागली. प्रतिभा कितीही मोठी असली तरी भागीदारी आणि व्यवहार यांची घडी नीट नसेल, तर ती प्रतिभा उघड्यावर पडते, हा त्या चरित्राचा दुसरा धडा आहे.

निर्मात्याला यावयाचे तरी काय काय? कथेचे हक्क लेखी घेणे, पटकथेचे प्रसंगवार विभाजन करून चित्रीकरणाचे दिवस ठरविणे, त्यावरून अंदाजपत्रक बांधणे, त्यात अनपेक्षित खर्चासाठी तरतूद ठेवणे, कलावंत-तंत्रज्ञांशी करार करणे, प्रमाणपत्र मिळविणे, आणि वितरण व प्रसिद्धी यांची सोय लावणे. यांतील कोणतीही गोष्ट दैवी देणगी नव्हे. तरीही अनेक चित्रपट रखडतात ते याच ठिकाणी: चित्रीकरणातच सारी पुंजी संपते आणि संकलन, ध्वनी व जाहिरात यांसाठी हाती काही उरत नाही. दैनंदिन मालिकेत संकट वेगळे असते. तेथे भाग ठरलेल्या वेळी वाहिनीच्या हाती पडलाच पाहिजे. आणि करार न वाचता सही करणाऱ्याला आपण घडविलेल्या कृतीवर आपला हक्कच उरलेला नाही, हे फार उशिरा समजते.

ही विद्या अनुभवानेच येते, वर्गात शिकविता येत नाही, असा आक्षेप घेतला जातो. चांगली कथा ओळखण्याची जाण वर्गात देता येणार नाही, हे मान्य. पण हिशेब, कायदा आणि वेळापत्रक निश्चितच शिकविता येतात. शिवाय हा अनुभव कोणाच्या खर्चाने घ्यावयाचा? चित्रपट बंद पडला की निर्मात्याची ठेव बुडते हे खरे. परंतु रोजंदारीवरील प्रकाशयोजना-कामगार, वेशभूषाकार आणि सहायक यांची मजुरीही त्याबरोबर बुडते, आणि त्यांनी तर कोणतेही साहस पत्करलेले नसते.

पुण्यात ज्या जागेवर ‘प्रभात’चा स्टुडिओ होता तेथे १९६० मध्ये चित्रपट शिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी या कलांना प्रतिष्ठा लाभली. कोलकात्याच्या सत्यजित राय यांच्या नावाच्या संस्थेने चित्रपट व दूरचित्रवाणी निर्मिती हा स्वतंत्र विषय अभ्यासक्रमात घेतला, हे योग्यच झाले. परंतु हे शिक्षण दोन-चार संस्थांपुरते राहून भागणार नाही. वाणिज्य व विधी शाखांच्या महाविद्यालयांना असे वर्ग मराठीतून चालविणे अशक्य नाही. हिशेबात तरबेज असलेल्या, पण कॅमेऱ्याची भीती वाटणाऱ्या विद्यार्थ्यालाही या क्षेत्रात मानाचे स्थान आहे, हे त्याला कोणी तरी सांगावयास हवे. राज्य शासन मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देते. त्या अनुदानाच्या जोडीला निर्मात्याच्या प्रशिक्षणाचाही विचार झाला, तर अधिक चित्रपट पुरे होतील आणि राबणाऱ्यांची मजुरी वेळेवर हातात पडेल.

पैसा उसना मिळतो, यंत्रे भाड्याने मिळतात, तंत्रज्ञ नेमता येतात. जबाबदारी मात्र उसनी घेता येत नाही. ती पेलावयाची तर आधी शिकावीच लागते.