ऑस्ट्रेलियाला पार्सल पाठवताय? आधी खपरा भुंगेरा समजून घ्या



दिवाळी जवळ आली की गावागावांतून परदेशी पार्सलं निघतात. कुणाचा पोरगा मेलबर्नला, कुणाची लेक सिडनीला. आणि महिन्याभराने तीच तक्रार ऐकू येते, "कस्टमवाल्यांनी सगळं टाकून दिलं. आपल्या मालाला ते कचरा समजतात."

माझं मत जरा कडू लागेल. ऑस्ट्रेलियावाले जे करतात ते बरोबर करतात, आणि निदान शेतकऱ्याने तरी त्यांना नावं ठेवू नयेत. ओरडायचंच असेल तर दुसरीकडे ओरडायला पाहिजे. कुठे, ते पुढे सांगतो.

आमच्या भागातल्या एका घरातून गेल्या वर्षी अठरा किलोचा खोका गेला. त्यात तांदूळ, तूरडाळ, अख्ख्या लाल मिरच्या, धने, शेंगदाणे, दोन किलो पेढे आणि आजीने शिवलेली गोधडी. तालुक्याच्या गावी एका एजंटाने "सगळं जातं काका" म्हणत पैसे घेतले आणि कागदावर 'खाद्यपदार्थ, भेट' एवढंच लिहिलं. पोहोचली ती फक्त गोधडी. भाडं मालाच्या किमतीच्या कितीतरी पट गेलं होतं.

लोकांना वाटतं कस्टम म्हणजे कर. इथे कराचा प्रश्न नाही, किडीचा आहे. तिकडे जैवसुरक्षेचा स्वतंत्र कायदा आहे, २०१५ चा. त्याखाली १५ ऑक्टोबर २०२० पासून प्रवाशाच्या बॅगेतून किंवा टपालाने काही माल आणायला सरळ बंदी आहे. तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, सोयाबीन, चवळी, शेंगदाणे, सुकी मिरची, धने, जिरे, बडीशेप, करडई, भोपळावर्गीय बिया. म्हणजे आपल्या घरातली अर्धी कोठीच. कारखान्यात भाजून-तळून कंपनीच्या बंद पाकिटात आलेला माल वेगळा धरतात. घरी भाजलेले शेंगदाणे त्यात बसत नाहीत.

आणि हे सगळं कशासाठी? खपरा भुंगेऱ्यासाठी. दोन-तीन मिलिमीटरचा किडा. आपल्याकडे ज्याने गव्हाची कोठी उघडून तपकिरी केसाळ अळ्या आणि कातीचा चुरा पाहिलाय, त्याला ओळख करून द्यायला नको. ही अळी पोत्याच्या शिवणीत, कोठीच्या फटीत लपून बसते. परिस्थिती वाईट असली की सुप्तावस्थेत जाते आणि खाण्याशिवाय वर्षानुवर्षं तग धरते. साध्या धुरीला लवकर दाद देत नाही.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की या भुंगेऱ्याला पंख असले तरी तो उडत नाही. तो समुद्र ओलांडतो तो माणसाच्या हातून. कंटेनर, पोतं, खोका, बॅग हीच त्याची गाडी. म्हणून ते खोक्यावर पहारा ठेवतात. त्यांचा गहू मोठ्या प्रमाणावर निर्यातीला जातो. हा किडा तिथे स्थिरावला तर त्या गव्हाला बाजार बंद होतील. तिथला शेतकरीसुद्धा आपल्यासारखाच भावाकडे डोळे लावून बसलेला असतो.

पेढ्यांचं कारण वेगळं. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत आहे, त्यांच्याकडे नाही. म्हणून पेढे, बर्फी, गुलाबजाम अशी दुधाची मिठाई अडवतात. आपण वर्षातून दोनदा जनावरांना लस टोचतो, तरी साथ आली की दूध कसं आटतं ते आपल्याला ठाऊक आहे. ज्यांच्या गोठ्यात हा रोगच नाही, ते दार बंद ठेवणारच.

आता आपल्याकडे बघा. गाजरगवत आपल्याकडे पहिल्यांदा नोंदलं गेलं पुण्यात, १९५० च्या दशकात. आज कुठला बांध त्याच्यावाचून राहिला? टोमॅटोवरची टुटा नागअळी भारतात पहिल्यांदा सापडली २०१४ साली, तीही पुणे भागात. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ ला कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी आपल्याकडे पोहोचली. या तिन्ही पाहुण्यांचा खर्च कोण करतंय? फवारणीचं बिल सरकार भरत नाही, आपण भरतो. आपलं दार तेव्हा घट्ट असतं तर किती पैसा वाचला असता, याचा हिशोब ज्याने त्याने आपल्या वहीत करावा.

कायदा आपल्याकडेही आहे. किडींविरुद्धचा पहिला कायदा १९१४ चा, आणि आयातीचा वनस्पती संगरोध आदेश २००३ चा. तिथला हरभरा इथे येतो तेव्हा आपणही धुरीची अट घालतोच. मग त्यांनी अट घातली की अपमान कसला?

नियम कडक असले तरी रस्ता असतो. हापूसला अमेरिकेचं दार २००७ ला उघडलं ते विकिरणाच्या अटीवर. लासलगावच्या केंद्रात प्रक्रिया झाली आणि आंबा गेला. अट पूर्ण केली की माल जातो, लपवून पाठवला की जळतो.

म्हणून माझा राग आहे तो आपल्या बाजूच्या व्यवस्थेवर. पैसे घेऊन "सगळं जातं" सांगणाऱ्या एजंटांवर, आणि पोस्टात काय चालतं काय नाही याची मराठीत एक यादीसुद्धा भिंतीवर नसते यावर. कृषी विभागाने, कृषी विज्ञान केंद्रांनी दिवाळीआधी असा एक कागद काढला तर हजारो रुपये वाचतील. हे काम अवघड नाही, कुणाला आपलं वाटत नाही एवढंच.

तोवर आपण आपल्यापुरतं एवढं करा:

१. त्यांच्या सरकारची 'बायकॉन' नावाची यादी ऑनलाइन आहे. पोराला सांगा, एकेक वस्तू त्यात शोधून कळव. मगच खोका भरा. दळून पूड केली म्हणजे सुटलं, असं धरून चालू नका.

२. पेरायचं बी पार्सलात कधीच नको. कापडाच्या घडीत, डब्याच्या तळाशी लपवून तर मुळीच नको. परसात लावायला म्हणून वालाच्या चार बिया जातात आणि शिक्षा घेणाऱ्या पोराला होते. त्याचा व्हिसा धोक्यात घालू नका.

३. जुनी गोणी, पेंढा, गवत पॅकिंगला वापरू नका. नवा पुठ्ठा, नवं प्लास्टिक. पाटा-वरवंटा, पोळपाट पाठवायचा तर घासून, पूर्ण वाळवून. मातीचा कण किंवा लाकडात पोखरल्याचं भोक दिसलं तर अडलाच.

४. कस्टमच्या कागदावर प्रत्येक वस्तू, तिचं वजन आणि किंमत इंग्रजीत खरी लिहा. नुसतं 'भेट' लिहिलेला खोका आधी उघडतात.

५. पोस्टाच्या परदेशी पार्सलला साधारण वीस किलोची मर्यादा असते. कुरिअरवाले आकारावरही वजन लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भाग. चाळीस सेंटिमीटरचा चौकोनी खोका आत नुसते पापड असले तरी १२.८ किलोचा धरतात.

आणि खरं सांगू का, डाळ-तांदूळ तिकडे दुकानात मिळतो. आजीची गोधडी मिळत नाही. ती पाठवा.

तुमच्याकडून काय गेलं, काय अडलं ते खाली लिहा. एकाचा अनुभव दहा जणांचं भाडं वाचवेल.