दप्तर वेगळे, खिडकी वेगळी

सरकारी कचेरी असो, पतसंस्था असो की महाविद्यालयाचे कार्यालय असो, सामान्य माणसाचा संबंध येतो तो खिडकीशी. दप्तर तिच्या मागे, आतल्या खोलीत असते. खिडकीवरचा कारकून बदलतो, कामाची वेळ बदलते. परंतु दप्तराला हात लावण्याचा अधिकार कोणाला, याचे नियम सहसा बदलत नाहीत. आता खिडकीची जागा संगणकाच्या आणि मोबाईलच्या पडद्याने घेतली आहे, दप्तराची जागा डेटाबेसने. साधने बदलली म्हणून तत्त्व रद्द झाले, असे मात्र नव्हे. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारे तरुण उद्या ज्या प्रणाली लिहितील, त्यांत शेतकऱ्याचा उतारा, विद्यार्थ्याचे गुण आणि ठेवीदाराची शिल्लक राहणार आहे. म्हणून हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा म्हणून सोडून देता येत नाही.

दोष साधा आहे. वेबवरील पान रचणारा प्रोग्रॅम लिहिताना डेटाबेसला द्यावयाच्या एसक्यूएल आज्ञाही त्याच पानात लिहून टाकल्या जातात. रकान्यांची मांडणी, अक्षरांचा रंग आणि खाते शोधण्याची आज्ञा एकत्र नांदू लागतात. पहिली चार पाने झपाट्याने तयार होतात. काम देणाराही खूश होतो. पानांची संख्या चाळीसवर गेली आणि डेटाबेसमधील एका रकान्याचे नाव बदलावे लागले, की तीच आज्ञा चाळीस ठिकाणी शोधावी लागते. एकोणचाळीस ठिकाणी ती सापडते, चाळिसाव्या ठिकाणी राहून जाते. मग एक पान उघडेनासे होते, किंवा एकाच खात्याची शिल्लक दोन पानांवर दोन दिसते. त्याचा जाब द्यावा लागतो तो कारकुनाला. प्रोग्रॅम लिहिणारा तोवर दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

यावरचा उपायही साधाच आहे. डेटाबेसशी बोलण्याचे काम प्रोग्रॅमच्या एका स्वतंत्र भागाकडे सोपवावे. पानाने त्या भागाकडे अमुक क्रमांकाच्या खात्याची शिल्लक मागावी. ती कोणत्या तक्त्यातून, कोणत्या आज्ञेने आणली, हे पानाला ठाऊकही असू नये.

ही शिस्त महाराष्ट्राला परकी नाही. सातबारा हा गाव नमुना 7, म्हणजे अधिकार अभिलेख, आणि गाव नमुना 12, म्हणजे पिकांची नोंदवही, यांचा मिळून झालेला उतारा. खरेदीखत झाले म्हणून कोणी नमुना 7 वर थेट खाडाखोड करू शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे आधी फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना 6 मध्ये, नोंद होते. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतींना अवसर मिळतो, आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच मूळ अभिलेखात बदल होतो. दप्तराकडे जाणारी वाट एकच आणि त्या वाटेवर तपासणी, हे सूत्र तलाठ्याच्या दप्तरात संगणक येण्याच्या फार पूर्वीपासून आहे.

या व्यवस्थेचा लाभ बदलाच्या वेळी कळतो. 1949 साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. तासगाव, वाळवा, खानापूरकडील मुलूख दक्षिण साताऱ्यात गेला आणि 1960 साली त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. वरची कचेरी बदलली. शेताचा मालक बदलला नाही. 2020 साली नमुना 7 ची मांडणी बदलण्यात आली, उताऱ्यावर शासनाचे बोधचिन्ह आले. त्यानेही कोणाचे क्षेत्र गुंठाभर कमी-अधिक झाले नाही. दप्तराचे ठिकाण बदलले तरी खिडकी मोडू नये, आणि खिडकी रंगवली तरी दप्तराला धक्का लागू नये, हीच अपेक्षा संगणकप्रणालीकडून आहे.

संगणकशास्त्रातही हा विचार जुना आहे. एडगर कॉड यांनी 1970 साली संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना मांडली, तेव्हा माहिती यंत्रात कशी साठवली आहे हे वापरणाऱ्याला जाणून घ्यावे लागू नये, हाच त्यांचा आग्रह होता. 1972 साली डेव्हिड पार्नास यांनी दाखवले की, जे निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, ते प्रोग्रॅमच्या एकेका भागात झाकून ठेवावेत.

सुरक्षिततेचा मुद्दा याहून गंभीर आहे. नाव लिहिण्याच्या चौकटीत एखाद्याने नावाऐवजी एसक्यूएल आज्ञेचा तुकडा लिहिला आणि पानाने तो जसाच्या तसा आपल्या आज्ञेत जोडला, तर परका माणूस दप्तर वाचू शकतो, पुसूही शकतो. बाहेरून आलेला मजकूर आज्ञेचा भाग न मानता केवळ मूल्य म्हणून पाठवणे, हा त्यावरचा इलाज. नुसत्या विभागणीने हा धोका टळत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु चाळीस दारांवर पहारा बसवण्यापेक्षा एका दारावर तो बसवणे निश्चित सोपे.

लहान कामाला एवढा सोपस्कार कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. एक फाईल दहा टेबलांवरून फिरावी तशी एक विचारणा दहा स्तरांतून फिरवणाऱ्या प्रणालीही लिहिल्या जातात, आणि त्यांत कामापेक्षा कामाचा देखावाच अधिक असतो. पण येथे मागणी दहा भिंतींची नाही, एकाच भिंतीची आहे. शिवाय लहान काम लहान राहत नाही. शंभर सभासदांसाठी लिहिलेली प्रणाली पुढे दहा हजारांसाठी वापरली जाते आणि भिंत बांधायला तेव्हा सवड नसते.

तेव्हा दोन गोष्टी व्हाव्यात. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 सालापासूनचे. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या शिक्षणकार्याचे मुख्य ठाणे आहे. अशा परंपरेच्या भूमीत विद्यार्थ्याचा प्रकल्प तपासणाऱ्या प्रत्येक परीक्षकाने एक प्रश्न अवश्य विचारावा: उद्या डेटाबेस बदलला, तर किती पाने बदलावी लागतील? आणि प्रणाली विकत घेणाऱ्या पतसंस्थांनी, बँकांनी व शाळांनी हीच अट करारात लिहून घ्यावी. खिडकीची शोभा पाहून पैसे मोजणाऱ्या संस्थाचालकांनी आतल्या दप्तराची वाट कोण राखतो, हेही पाहिले पाहिजे. कारण तेथे ठेवलेली माहिती त्यांची नव्हे, सभासदांची आहे.