पुतळा नको, पुस्तक द्या!

आपल्या आयटीवाल्यांना ट्युरिंग माहीत असतो, नुथ माहीत असतो. लिनस टोर्वाल्ड्सचे किस्से तर कॅन्टीनमध्ये चघळले जातात. पण व्ही. राजारामन कोण, असं विचारलं की उत्तर येतं, "ते पुस्तकवाले ना?" हो, तेच!

ऑगस्ट १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० आलं. अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांची मदत होती, बर्कलीचे हॅरी हस्की सोबतीला होते. पण पाहुणे कधीतरी परत जाणार. मग शिकवायचं कोणी? इलेक्ट्रिकलचे राजारामन आणि एच. एन. महाबला यांच्यासारख्या तरुण मास्तरांनी ते काम अंगावर घेतलं. १९६५ साली एम.टेक.ला कॉम्प्युटर सायन्स सुरू झालं. नारायण मूर्ती तिथलेच. महाबला पुढे मद्रासला गेले आणि १९७३ मध्ये तिथल्या आयआयटीत हा विभाग उभा केला.

मला जास्त भावतं ते वेगळंच. मशीन कानपूरला होतं म्हणून ज्ञान कानपुरातच ठेवलं नाही. बाहेरच्या शिक्षकांसाठी, कंपन्यांतल्या लोकांसाठी फोरट्रानचे छोटे वर्ग घेतले. राजारामन यांनी पुस्तकं लिहिली आणि ती विद्यार्थ्याच्या खिशाला परवडावीत असा आग्रह धरला. एमसीए हा कोर्ससुद्धा त्यांच्याच समितीच्या शिफारशीतून आला. म्हणजे आयआयटीचं तोंडही न पाहिलेल्या हजारो पोरांच्या नोकऱ्यांमागे ही माणसं आहेत.

महाबला २०२२ मध्ये गेले, राजारामन नोव्हेंबर २०२५ मध्ये. आता एखाद्या सभागृहाला नाव, एखादा अर्धपुतळा वगैरे होईल. होऊ दे, हरकत नाही. पण पुतळ्याला हार वर्षातून एकदाच पडतो हो! त्यापेक्षा प्रत्येक कॉलेजात पहिल्या वर्षाला एक तास हा इतिहास शिकवा. त्या काळातले जे सहकारी, लॅबमधले कर्मचारी आज हयात आहेत, त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करा. विभाग काही दोघा-तिघांनी उभा राहत नाही.

आणि आपण? लठ्ठ पॅकेज घेणाऱ्यांनी महिन्यातला एक शनिवार तालुक्याच्या कॉलेजात जाऊन शिकवावं. मराठीत चांगल्या नोट्स लिहून फुकट वाटाव्यात. कानपूरच्या त्या मास्तरांनी साठ वर्षांपूर्वी हेच केलं होतं, आणि तेही पंच कार्डांच्या जमान्यात. आपल्याकडे तर लॅपटॉप आहे राव!