मॅचच्या रात्री लेकरांना गप्प बसवू नका

आयपीएल सुरू झाली की लहान लेकरांच्या आयांच्या तक्रारी बदलतात. "डॉक्टर, रात्री साडेअकराशिवाय झोपतच नाही." "मोबाइल दिल्याशिवाय घास तोंडात घेत नाही." "दिवसभर नुसती किरकिर." लेकरू असतं दोन, तीन, चार वर्षांचं. थोडं खोदून विचारलं की चित्र स्पष्ट होतं. संध्याकाळी साडेसातला टीव्हीसमोर घरची-शेजारची आठ-दहा माणसं बसतात. त्या गर्दीत लेकराच्या वाट्याला तीनच वाक्यं येतात: गप बस, मधे येऊ नको, बाहेर जाऊ नको. लेकरू अर्थातच मधे येतं, कारण घरातली सगळी आवडती माणसं तिकडेच तोंड करून बसलेली असतात. मग एखादा काका वैतागून त्याच्या हातात आपला मोबाइल देतो. त्यानंतर तीन तास घरात लेकराचा आवाज नाही.

मॅच बघण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः बघतो. चार माणसं एकत्र बसून ओरडतात, हसतात, चिडतात, हे लेकराने पाहिलंच पाहिजे. माझा विरोध त्या तीन तासांच्या शांततेला आहे.

"मग अंगणात पाठवा की खेळायला," असं कोणी म्हणेल. आपल्या हिंगोली जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत ते सांगणं सोपं, करणं अवघड. पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी साडेतीनची मॅच असेल तर दाराबाहेर पाऊल टाकवत नाही. संध्याकाळच्या मॅचला ऊन नसतं, पण अंधार असतो, रस्त्यावर गाड्या असतात, आणि खेड्यात विटा-लाकडांच्या ढिगाजवळ विंचवाची भीती असते. म्हणजे त्या वेळेत लेकरू घरातच राहणार. प्रश्न एवढाच, की घरात ते काय करणार.

लहान मुलांनी किती हलावं याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटलं आहे की 1 ते 4 वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करावी, आणि 3-4 वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्यातली किमान 60 मिनिटं तरी दम लागेल अशी असावीत. 180 मिनिटं ऐकून आया घाबरतात. घाबरण्याचं कारण नाही. यात चालणं, रांगणं, पलंगावर चढणं-उतरणं, आजीच्या मागे मागे स्वयंपाकघरात जाणं हे सगळं धरलेलं आहे. निरोगी लेकरू मोकळं सोडलं तर हा हिशेब स्वतःच पूर्ण करतं. आपण फक्त त्याला अडवायचं नसतं.

त्याच सूचनांमधलं दुसरं वाक्य मला मॅचच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं वाटतं. लहान मुलाला एका वेळी एक तासापेक्षा जास्त काळ जखडून ठेवू नये. तिथे मुद्दा बाबागाडीचा, उंच खुर्चीचा आणि पाठीवर बांधून ठेवण्याचा आहे. पण मांडीत घट्ट धरून ठेवलेलं लेकरू आणि खुर्चीत पट्ट्याने बांधलेलं लेकरू यांत शरीराच्या दृष्टीने फारसा फरक नाही. मोबाइल हाही एक पट्टाच आहे, दिसत नाही इतकंच.

पडद्याबद्दल: 2 वर्षांखालील मुलाला टीव्ही-मोबाइल नको आणि 2 ते 5 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही सांगणं आहे. आता एकाच खोलीत टीव्ही असेल तर दीड वर्षाच्या मुलाच्या डोळ्यांवर आपण पट्टी बांधणार नाही. पण आजूबाजूला चालू असलेली मॅच आणि हातात दिलेला मोबाइल यांत मी मोठा फरक करतो. क्रिकेट हा लहान मुलासाठी तसा कंटाळवाणा कार्यक्रम आहे, आणि हा त्याचा मोठा गुण आहे. लेकरू दोन मिनिटं बघतं आणि उठून जातं. मोबाइलवरचे व्हिडिओ त्याने उठूच नये अशा बेताने एकामागून एक येत राहतात. तेव्हा लेकराने टीव्हीसमोर धुडगूस घातला तरी चालेल, मोबाइल देऊ नका. दोन्हींत निवड करायची झाली तर मी डोळे झाकून धुडगूस निवडेन.

अर्थात मागे चालू असलेला टीव्हीही अगदी निरुपद्रवी नाही. तो चालू असताना लहान मूल एका खेळात कमी वेळ रमतं आणि मोठी माणसं त्याच्याशी कमी बोलतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. दोन-तीन वर्षांचं मूल भाषा शिकतं ते आपल्याशी बोललेल्या वाक्यांतून. समालोचक कितीही चांगला असला तरी तो लेकराशी बोलत नसतो. म्हणून जाहिराती लागल्या की आवाज बंद करा. त्या दीड मिनिटात लेकराशी बोलता येतं.

आता खेळायचं काय? यासाठी खेळणी विकत आणू नका. मॅचमध्येच खेळ दडलेला आहे. चौकार गेला की सगळ्या लेकरांनी चार बेडूकउड्या, षटकार गेला की दोन्ही हात वर करून सहा उड्या, विकेट पडली की धावत जाऊन समोरच्या भिंतीला हात लावून परत. एका डावात वीसेक चौकार-षटकार सहज होतात. हिशेब तुम्हीच करा. तीन वर्षांच्या मुलाला सहा मोजता येत नाहीत, तो आठ मारेल किंवा तीन, चालतं. दोन वर्षांची मुलगी नुसती मोठ्यांची नक्कल करेल, तेही चालतं. पंचाच्या खुणा लेकरांना फार आवडतात. चौकाराचा हलवलेला हात, वाइडचे पसरलेले दोन्ही हात, लेग बायला एक पाय उचलून मांडीवर मारलेली थाप. एका पायावर उभं राहणं ही तीन-चार वर्षांच्या मुलासाठी तोलाची उत्तम कसरत आहे, आणि ते कळत-नकळत भाषाही शिकतं.

दोन डावांच्या मधला वेळ आणि मधले अडीच-अडीच मिनिटांचे टाइमआउट हे मात्र मोठ्यांनी उठण्याचे. जुन्या मोज्यांचा गोळा करून चेंडू करा, म्हणजे काच फुटणार नाही. सतरंजीवर उशा मांडून त्यांवरून उड्या, दोरीखालून सरपटणं, लंगडी, फुगडी, आंधळी कोशिंबीर. आजोबांनी बसल्या जागेवरून चेंडू लोटावा, लेकराने पळत जाऊन आणावा. आजोबांचे गुडघे वाचतात, लेकराचे पाय चालतात. जागा अपुरी आहे ही तक्रार मला पटत नाही. दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीतही मधली सतरंजी मोकळी केली की लेकराला पुरतं. कमी पडते ती मोठ्यांच्या सरकून बसण्याची तयारी.

रांगण्याआधीचं बाळ असेल तर त्याला मांडीवरून मांडीवर फिरवत बसू नका. गोधडीवर, जागं असताना, कोणाच्या तरी नजरेसमोर पालथं ठेवा. दिवसातून मिळून निदान अर्धा तास. मान आणि खांदे त्यानेच बळकट होतात. टीव्हीकडे त्याची पाठ असू द्या.

हे सगळं वाचून एखादी आई मनात म्हणत असेल, की म्हणजे मॅचच्या रात्री मीच लेकरांना खेळवत बसायचं. इथेच माझं खरं म्हणणं आहे. आपल्याकडे मॅच पुरुष बघतात, चहा बायका करतात आणि लेकरं नऊ-दहा वर्षांची थोरली मुलगी सांभाळते. हे बदलायला हवं, आणि ते आरोग्याच्या कारणासाठीही बदलायला हवं. कारण जिच्यावर दहा कामं आहेत ती सातव्या कामाला लेकराच्या हातात मोबाइल देणारच. तिला दोष देऊन उपयोग नाही. दोन्ही डावांची मिळून चाळीस षटकं होतात. पाच-पाच षटकांची पाळी लावली तर आठ पाळ्या. घरात चार पुरुष असतील तर प्रत्येकाला दोन. पाच षटकं म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. ज्याची पाळी त्याने लेकरांकडे बघायचं, स्कोअर बाकीचे सांगतील.

2 नोव्हेंबर 2025 ची रात्र आठवा. नवी मुंबईला महिलांच्या विश्वचषकाची अंतिम मॅच पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाली आणि जवळजवळ मध्यरात्री संपली. शेफाली वर्माने 87 धावा काढल्या, दीप्ती शर्माने पाच बळी घेतले, आपण 52 धावांनी जिंकलो. त्या रात्री आपल्या भागातल्या किती घरांत बायकांना आणि मुलींना ती मॅच सलग बसून बघायला मिळाली असेल? लेकरं सांभाळण्याची पाळी ठरलेली असती तर मिळाली असती. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीला झालेल्या खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात आपले दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. खो-खोची मॅच लागली तर लहान मुलांना जरूर दाखवा. उठून पळावंसं वाटायला लावणारा तो खेळ आहे.

झोपेच्या बाबतीत मी थोडा कडक आहे. 3-4 वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 10 ते 13 तास झोप लागते, दुपारची धरून. 1-2 वर्षांच्या मुलाला 11 ते 14 तास. साडेसातची मॅच संपायला साडेअकरा होतात, आणि हे दोन महिने चालतं. तेव्हा पहिला डाव संपला की लेकराची मॅच संपली. शेवटच्या अर्ध्या तासात उड्या नकोत. पाणी, शू, दिवा मंद, गोष्ट. एकच खोली असेल तर दुसरा डाव आवाज अगदी कमी करून बघा, नाहीतर शेजारच्या ओसरीवर जाऊन बघा. वर्षातून एखाद्या अंतिम सामन्याला जागलं तर काही बिघडत नाही. रोज जागणाऱ्या लेकराची किरकिर मात्र टॉनिकने जाणार नाही, आणि मी टॉनिक लिहून देणारही नाही.

लेकरं घरात पळणार असतील तर खोली आधी एकदा त्यांच्या उंचीवरून बघून घ्या. टीव्ही टेबलावर असेल तर तो भिंतीला पक्का करा, लोंबणारी वायर मागे घ्या. पत्र्याच्या कूलरला ओल्या हाताने, उघड्या पायाने शिवून शॉक बसतो. अर्थिंग तपासून घ्या आणि मुलांच्या बाजूने आडवी बाज लावा. चहाचा ट्रे जमिनीवर ठेवू नका, आणि लेकराला मांडीवर घेऊन चहा पिऊ नका. भाजलंच तर वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. हळद आपल्या जिल्ह्याचं सोनं आहे, पण भाजलेल्या कातडीवर ती लावू नका. टूथपेस्टही नको.

शेवटचा मुद्दा ताटलीतला, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. मॅच म्हटली की शेंगदाणे, फुटाणे, चिवडा आलाच. चार-पाच वर्षांखालील मुलाला अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा देऊ नका. त्याच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात, आणि उडी मारताना, हसताना, ओरडताना तोंडातला दाणा श्वासाबरोबर श्वासनळीत जातो. कूट चालतो, दाणा नाही. आणि खाणं नेहमी खाली बसून. खेळ थांबवायचा, खायचं, तोंड रिकामं झालं की पुन्हा खेळ. दाण्यांची ताटली लेकराचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.

तरीही ठसका लागला तर? लेकरू जोरात खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्या. घशात बोट घालू नका, दाणा आणखी आत जातो. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मधे तळहाताने पाच थापट्या, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, असं आळीपाळीने. वर्षावरच्या मुलाला वाकवून पाठीवर पाच थापट्या, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत आणि वर पाच झटके. दुसऱ्याने तोवर 108 लावावा. लेकरू बेशुद्ध झालं तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा.

आणि खोकला आपोआप थांबला तरी त्याच रात्री डॉक्टरांना दाखवा. दाणा खाली सरकून एका बाजूच्या नळीत बसला की खोकला काही काळ बंद होतो आणि घरचे निश्चिंत होतात. शेंगदाणा साध्या एक्स-रेत दिसत नाही. मग पंधरा दिवस, महिनाभर लेकराला न्यूमोनिया म्हणून औषधं चालू राहतात, एका बाजूच्या छातीत घरघर राहते, आणि शेवटी दुर्बिणीने दाणा काढायला मोठ्या शहरातलं रुग्णालय गाठावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी, "दाणे खाताना एकदम ठसका लागला होता," हे पहिल्या वाक्यात सांगा.